इंजिनातला ‘सूंऽऽ’ आवाज: दुरुस्त करूनही परत का येतो?

सिग्नलला गाडी उभी आहे, गियर न्यूट्रलमध्ये, आणि बोनेटखालून बारीक, सलग ‘सूंऽऽ’ ऐकू येतंय. गॅरेजला नेली की मेस्त्री कुठलासा पाइप दाबून बसवतात, क्लिप आवळतात, आवाज जातो. पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंत बरं चालतं आणि मग पुन्हा तेच. पाइप निसटला होता हे खरं असतं, पण तो का निसटला हे कुणी पाहिलेलं नसतं. म्हणून खाली आवाज शोधायच्या युक्त्या दिल्या आहेतच, पण जास्त जागा दिली आहे ती आवाज परत येण्याच्या कारणांना.

सुरुवातीला एक खबरदारी. तापमानाचा काटा वर चढत असेल, पेट्रोलचा किंवा गॅसचा वास येत असेल, किंवा ब्रेकचं पेडल अचानक दगडासारखं कडक झालं असेल, तर शोधाशोध नंतर. गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा. बाकीच्या वेळी सूं आवाज करणारी गाडी घरापर्यंत नेता येते.

आवाज कधी येतो ते आधी लिहून काढा

बोनेट उघडण्याआधी हे करा. ‘इंजिनातून हवेचा आवाज येतो’ एवढ्या वर्णनावरून कुणालाच काही सांगता येत नाही. इंजिन थंड असताना येतो की तापल्यावर? उभ्या गाडीत की चढावर ओढताना? ब्रेकवर पाय ठेवला की बदलतो का? एसी लावल्यावर सुरू होतो का? गाडी बंद केल्यावरही चालू राहतो का? अर्ध्याहून जास्त निदान या उत्तरांतच होतं.

पेट्रोल गाडी, आयडलला (इंजिन चालू, पण ॲक्सिलरेटरवर पाय नाही) आवाज, आरपीएम थोडे वरखाली किंवा नेहमीपेक्षा जास्त: हवा आत खेचली जातेय, म्हणजे व्हॅक्यूम लीक. डिझेल गाडी, चढावर किंवा ओव्हरटेक करताना आवाज, पिकअप कमी, मागे काळा धूर: टर्बोची, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणाऱ्या पंख्याची, हवा बाहेर पडतेय. घाट चढून आल्यावर किंवा गाडी बंद केल्यावर आवाज आणि गोडसर वास: कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव. ब्रेक दाबून धरला तरच पायाजवळ आवाज: बूस्टर, म्हणजे व्हॅक्यूमवर चालून ब्रेकला जोर देणारा डबा. गाडी बंद केल्यावर डॅशबोर्डमागे काही सेकंद ‘सीऽऽ’: तो एसीतल्या गॅसचा दाब दोन्ही बाजूंना सारखा होण्याचा आवाज आहे, त्याला काही करायचं नाही. एसी चालू असताना मात्र तोच आवाज सतत येत असेल आणि गारवाही कमी झाला असेल, तर एसीचा गॅस कमी झालाय.

यातला पेट्रोल गाडीतला व्हॅक्यूम लीक सगळ्यात जास्त वेळा भेटतो आणि सगळ्यात जास्त वेळा परत येतो, म्हणून आधी तो.

एवढ्याशा भोकाचा एवढा आवाज का?

आयडलला थ्रॉटलची, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी, झडप जवळजवळ बंद असते. पिस्टन हवा मागतात, झडप पुरेशी देत नाही, त्यामुळे इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सगळ्या सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांत, पोकळी तयार होते. समुद्रसपाटीला धडधाकट इंजिनात ही पोकळी पाऱ्याच्या साधारण १८ ते २१ इंचांएवढी भरते. किलोपास्कलमध्ये सांगायचं तर बाहेर १०० च्या आसपास दाब असताना आत तीस ते चाळीसच असतो. आतला दाब बाहेरच्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याखाली गेला की फटीतून शिरणारी हवा थेट ध्वनीचा वेग गाठते. म्हणून सुईच्या टोकाएवढं छिद्रही बोनेट बंद असताना ऐकू येतं, आणि म्हणूनच आवाजाच्या मोठेपणावरून बिघाड किती मोठा हे ठरवू नये. मोठी फट कधीकधी कमी आवाज करते, पण इंजिन बंद पाडते.

इथे एक गैरसमज पसरलेला आहे. ‘रेस दिली की आवाज गेला, म्हणजे व्हॅक्यूम लीक’ असं सरसकट म्हणतात. गाडी उभी असताना अडीच हजार आरपीएम स्थिर धरले तर मॅनिफोल्डमधली पोकळी फारशी कमी होत नाही. आवाज फक्त इंजिनाच्या गोंगाटात बुडतो. खरी चाचणी अशी: ॲक्सिलरेटर झटकन दाबा आणि सोडा. दाबताक्षणी झडप उघडते, पोकळी नाहीशी होते आणि आवाज क्षणभर तुटतो. सोडल्यावर आरपीएम उतरताना पोकळी सगळ्यात जास्त असते, तेव्हा तोच आवाज जोरात येतो. हा तुटून परत येण्याचा खेळ दिसला की समजावं आपण योग्य वाटेवर आहोत.

जागा शोधणं

सगळ्यात स्वस्त साधन म्हणजे दोन-तीन फुटांची रबरी नळी. एक टोक कानाजवळ, दुसरं टोक इंजिनावर फिरवत न्यायचं. गळतीच्या दोन इंचांत आलं की आवाज एकदम मोठा होतो. ओढणी, सैल बाही, गळ्यातली चेन बाजूला ठेवा आणि बेल्टपासून लांब राहा. रेडिएटरचा इलेक्ट्रिक पंखा न सांगता सुरू होतो हेही ध्यानात असू द्या.

कुठे ऐकायचं? थ्रॉटल बॉडीपासून इंजिनाच्या हेडपर्यंत जे काही जोडलेलं आहे ते सगळं. ब्रेक बूस्टरला जाणारा जाड पाइप आणि त्याची दोन्ही टोकं. पीसीव्हीचा पाइप, म्हणजे इंजिनाच्या पोटातली वाफ ओढून नेणारा, टॅपेट कव्हरवरून (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणावरून) मॅनिफोल्डला येणारा, आणि तो ज्या रबरी ग्रोमेटमध्ये बसतो ते ग्रोमेट. पेट्रोलची वाफ साठवणाऱ्या कॅनिस्टरच्या पर्ज व्हॉल्व्हची बारीक नळी (हा व्हॉल्व्ह टिकटिकतो, ते बरोबर आहे). पेट्रोल इंजेक्टरच्या खालच्या ओ-रिंगा. थ्रॉटल बॉडीचं पॅकिंग. शेवटी मॅनिफोल्ड आणि हेडमधलं पॅकिंग. ऑइल भरायचं झाकण आणि डिपस्टिकही बघा. त्या वाटेने थेट मॅनिफोल्डमध्ये हवा जात नसली, तरी पीसीव्ही क्रँककेसमधून, म्हणजे इंजिनाच्या पोटातून, ओढत असतो, त्यामुळे झाकणाचं रबर फाटलेलं असेल तर तिथून हवा शिरते.

संशयित नळी सापडली की फडक्यात गुंडाळलेल्या पकडीने हलकेच चिमटा. आवाज थांबला तर गळती चिमट्याच्या पलीकडे, मॅनिफोल्डपासून लांबच्या बाजूला आहे. चालूच राहिला तर अलीकडे किंवा दुसरीकडे. दहा वर्षं जुनी, कडक झालेली नळी चिमटली की मोडते. ती तशीही बदलायचीच होती, पण मग नवी हाताशी ठेवूनच चिमटा काढा. बूस्टरचा पाइप फक्त उभ्या गाडीत चिमटायचा हे वेगळं सांगायला नको.

मॅनिफोल्डच्या पॅकिंगवर संशय असेल तर फवाऱ्याच्या बाटलीतून साधं पाणी त्या सांध्यावर मारा. पाण्याने फट क्षणभर बुजते, आवाज बदलतो, आयडल हलतं. इग्निशन कॉइल आणि अल्टरनेटर वाचवून. काही ठिकाणी याच कामासाठी कार्ब क्लीनर (कार्ब्युरेटर साफ करायचा फवारा) मारतात. परिणाम जास्त ठळक दिसतो हे मान्य, पण तापलेल्या एक्झॉस्टशेजारी पेटणारं द्रव उडवायचं कारण मला तरी पटत नाही. उदबत्तीचा धूर कुठे ओढला जातो ते बघण्याची जुनी युक्तीही आहे. पेट्रोलच्या वासात किंवा सीएनजी गाडीत ती चुकूनही करू नका.

हे सगळं करूनही जागा मिळाली नाही तर स्मोक टेस्ट करून घ्या. इंजिन बंद ठेवून, हवेची वाट बुजवून, मॅनिफोल्डमध्ये अगदी हलक्या दाबाने धूर सोडतात. जिथे फट आहे तिथून तो बाहेर येतो. सगळ्या गॅरेजांत ते यंत्र नसतं, पण ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे थोडे पैसे जास्त देऊन जाणं परवडतं. अंदाजाने एकेक भाग बदलत बसलं की त्याहून जास्त खर्च होतो.

सकाळी थंड इंजिनात आवाज आणि दहा मिनिटांत गायब, असा प्रकार असेल तर प्लॅस्टिकच्या मॅनिफोल्डचं पॅकिंग आधी पाहा. प्लॅस्टिक तापून फुगतं आणि फट आपोआप मिटते. अशी गाडी दुपारी गॅरेजला नेली की ‘काही नाहीये साहेब’ हेच उत्तर मिळणार. रात्रभर तिथेच ठेवा आणि सकाळी पहिल्या स्टार्टला मेस्त्रींना ऐकवा.

स्कॅनर काय सांगतो, आणि कधी फसवतो

स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावायचं ब्लूटूथ उपकरण आणि फोनवरचं ॲप आता बऱ्याच जणांकडे असतं. व्हॅक्यूम लीकमध्ये ‘पी०१७१’ कोड, म्हणजे मिश्रण पातळ, येतो असं सगळीकडे लिहिलेलं असतं. ते मास एअरफ्लो सेन्सरवाल्या, म्हणजे आत जाणारी हवा थेट मोजणाऱ्या, गाडीला लागू पडतं. तिथे फटीतून शिरलेली हवा सेन्सरने मोजलेलीच नसते, पेट्रोल कमी पडतं, ऑक्सिजन सेन्सर ओरडतो आणि संगणक पेट्रोल वाढवत नेतो. फ्युएल ट्रिम, म्हणजे संगणकाने पेट्रोल किती वाढवलं किंवा कमी केलं तो आकडा, आयडलला अधिक दहा-पंधरा टक्के किंवा वर, आणि अडीच हजार आरपीएमला शून्याकडे, असं दिसलं की व्हॅक्यूम लीकची शक्यता दाट. जास्त आरपीएमला इंजिन एवढी हवा घेतं की फटीतल्या हवेचा हिस्सा नगण्य होतो.

पण आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांत मॅप सेन्सर असतो. तो मॅनिफोल्डमधला दाब मोजतो. हवा फटीतून आली काय आणि झडपेतून आली काय, दाब वाढलेला त्याला दिसतो आणि संगणक त्या प्रमाणात पेट्रोल देतो. मिश्रण बहुधा ठीक राहतं, कोड येत नाही, ट्रिमही फारसा हलत नाही. फक्त आयडल चढतं. ‘स्कॅनरमध्ये काही नाही’ म्हणून अशा गाड्या परत पाठवल्या जातात. त्यांत ट्रिम न बघता मॅपचा आकडा बघा: तापलेलं इंजिन, एसी बंद, लाइट बंद, आणि तरी पन्नास किलोपास्कलच्या आसपास दाखवतोय तर हवा कुठून तरी शिरतेय, किंवा व्हॉल्व्ह टायमिंगसारखं (इंजिनाच्या झडपा उघडण्या-मिटण्याची वेळ) दुसरं काही बिघडलंय.

उंचीचं गणित विसरू नका. इग्निशन चालू, इंजिन बंद असताना मॅप बाहेरचा दाब दाखवतो: मुंबईत सुमारे १००, पुण्यात ९५ च्या आसपास, महाबळेश्वरात ८६ च्या जवळ. व्हॅक्यूम गेजवर मुंबईत २० इंच देणारं इंजिन पुण्यात १८ आणि महाबळेश्वरात १६ च्या आसपास देईल. घाटमाथ्यावर गेज लावून ‘व्हॅक्यूम कमी आहे, इंजिन गेलं’ असं कुणी सांगितलं तर हा हिशेब त्यांच्यापुढे ठेवा.

ब्रेक बूस्टर

इंजिन बंद करून ब्रेक चार-पाच वेळा दाबा, पेडल कडक होईल. तसंच दाबून धरा आणि गाडी सुरू करा. पेडल थोडं खाली जायला हवं. गेलं नाही तर बूस्टरला व्हॅक्यूम मिळत नाहीये किंवा टिकत नाहीये. मग इंजिन बंद करून काही मिनिटांनी पुन्हा दाबा. पहिले एक-दोन दाब मऊ आले तर एकदिशा झडप (बूस्टरमधला व्हॅक्यूम धरून ठेवणारी) ठीक आहे.

ब्रेक दाबताना एकदा ‘फुस्स’ होणं बरोबर आहे, बूस्टरमध्ये मागून हवा शिरते तिचा तो आवाज. पाय स्थिर ठेवलेला असतानाही ‘सूंऽऽ’ चालूच राहिला आणि त्याबरोबर आयडल डळमळलं, तर आतला पडदा किंवा झडप गेली. इथे पाइप बदलून, क्लिपा आवळून काही होत नाही, बूस्टर बदलायचा. यात चालढकल नको. व्हॅक्यूम गेला तरी ब्रेक लागतो, पण पायाला कित्येक पट जोर लावावा लागतो, आणि ऐनवेळी तो लावायचं सुचत नाही.

आणि तरीही आवाज परत येतो, त्याची कारणं

क्लिप हे पहिलं. कंपनीतून येणारी स्प्रिंगची क्लिप रबराबरोबर फुगते आणि आकसते. गॅरेजमध्ये ती काढून स्क्रूची क्लिप लावतात आणि ‘घट्ट बसली पाहिजे’ म्हणून पिळतात. रबर दाबून राहतं, गरम-थंड होत काही महिन्यांत चपटं होतं, क्लिप तेवढीच राहते, फट पडते. कडा धारदार असेल तर पाइपच कापला जातो. खालचा तोंडाचा भाग प्लॅस्टिकचा असेल तर तो आवळून तडकतो, आणि मग पन्नास रुपयांचं काम मॅनिफोल्डपर्यंत जातं. जिथे स्प्रिंगची क्लिप होती तिथे स्प्रिंगचीच मागा.

दुसरं, पाइप कापून बसवणं. टोक कडक होऊन फाटलं की मेस्त्री तेवढा तुकडा कापतात आणि उरलेला ओढून बसवतात. दिसायला छान. पण पाइप आता तोकडा आहे, आणि इंजिन स्थिर नसतं. क्लच सोडताना, गियर टाकताना ते पुढेमागे झुलतं. प्रत्येक झोक्याला तो पाइप ओढला जातो. त्यात इंजिनाचं माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं तो रबरी आधार, गेलेलं असेल तर झोका आणखी मोठा. एकाच बाजूचा पाइप वारंवार निसटत असेल तर पाइपकडे बघणं थांबवा आणि माउंटिंग बघा. हँडब्रेक ओढून, ब्रेक दाबून, कुणा जाणकाराला पहिल्यात आणि मग रिव्हर्समध्ये क्लच किंचित सोडायला सांगा आणि बाजूला उभं राहून इंजिन किती उसळतं ते पाहा. गाडीच्या समोर किंवा मागे उभं राहायचं नाही.

तिसरं, चुकीची नळी. व्हॅक्यूमच्या जागी पाण्याची किंवा मिळेल ती नळी लावली तर ती आतल्या पोकळीने चपटी होते किंवा ऑइलच्या वाफेने मऊ पडते. पीसीव्हीची नळी ऑइल सोसणाऱ्या रबराचीच लागते. फुगलेली, बोटाला काळं लावणारी नळी दिसली तर तिच्यावर टॅपेट कव्हरचं ऑइल गळतंय का तेही पाहा. ती गळती न थांबवता नवी नळी घातली तर तीही तशीच मऊ पडणार.

चौथं कारण जरा जड आहे. ऑइलचं झाकण, डिपस्टिक किंवा पीसीव्हीचा पाइप आपोआप उडत असेल तर इंजिनाच्या पोटात दाब साचतोय. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण सैल करा. एरवी तिथे थोडी ओढ किंवा किंचित फुंकर जाणवते. भकाभका धूर आणि झाकण उचलून धरणारा जोर असेल तर एकतर पीसीव्ही चोंदलंय किंवा पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. आधी स्वस्त शक्यता तपासा. उलट, झाकण उघडता उघडत नाही एवढी ओढ असेल आणि उघडताच आवाज थांबत असेल, तर कव्हरमध्येच पीसीव्हीचा पडदा असलेल्या गाड्यांत तो पडदा फाटलेला असतो.

मग सिलिकॉन. मॅनिफोल्ड काढलं की नवं पॅकिंग आणि नव्या ओ-रिंगा हव्याच. जुन्यावरच सिलिकॉन फासून बसवलं की ते काही आठवडे तग धरतं. नट आवळायचे ते मधून बाहेर, क्रमाने आणि टॉर्क रेंचने (किती जोराने आवळलं ते मोजणाऱ्या पान्याने). प्लॅस्टिकच्या मॅनिफोल्डला लागणारा टॉर्क थोडाच असतो, आकडा आपल्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये मिळतो. हाताच्या अंदाजाने एक कोपरा आधी आवळला की दुसरा उचलला जातो.

आणि उंदीर. पावसाळ्यात उबेला इंजिनवर येतात, बारीक नळ्या आणि वायरी कुरतडतात. दाताच्या दुहेरी खुणा, लेंड्या, कापडाचे तुकडे दिसले की नळी बदलून भागणार नाही, गाडी उभी करायची जागा बदलावी लागेल किंवा जाळी बसवावी लागेल. तंबाखूची पुडी, डांबरगोळ्या, फवारे, सगळं करून बघणारे भेटतात. उंदीर त्यांना सरावतात.

बाहेरून सीएनजी किट बसवलेल्या पेट्रोल गाड्यांना एक खास दुखणं असतं. सिक्वेन्शियल (प्रत्येक सिलिंडरला वेगळा गॅस सोडणारं) किट बसवताना मॅनिफोल्डला छिद्रं पाडून गॅसचे नॉझल बसवतात. ते सैल झाले किंवा त्यांच्यापर्यंत येणाऱ्या रबरी नळ्या चिरल्या की आवाज पेट्रोलवरही येतो, आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला त्यांच्या आकृतीत ती जागाच सापडत नाही. अशा गाडीचा सूं आवाज आधी किटवाल्याला दाखवा.

मात्र तिथे गॅसचा वास असेल तर गोष्ट वेगळी. सिलिंडरमध्ये भरल्यावर सुमारे २०० बारचा दाब असतो. इंजिन बंद, दारं उघडी, सगळे बाहेर, हाती लागत असेल तर सिलिंडरवरचा व्हॉल्व्ह हाताने बंद, आणि कुठलाही स्विच न दाबता लांब. सांधे साबणाच्या पाण्याने तपासतात, काडी ओढून नाही, आणि दुरुस्ती अधिकृत माणसानेच करायची. सिलिंडरची तीन वर्षांनी होणारी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) चुकली असेल तर तीही याच वेळी करून घ्या.

डिझेलवाल्यांसाठी

डिझेल इंजिनात थ्रॉटल अडवून तशी पोकळी तयार केली जात नाही, त्यामुळे वरचं सगळं तिथे जसंच्या तसं लागू होत नाही. ब्रेकसाठी व्हॅक्यूम पंप वेगळा असतो. सूं आवाज बहुधा टर्बो ते इंटरकूलर (दाबलेली हवा गार करणारी जाळी) आणि इंटरकूलर ते मॅनिफोल्ड या जाड पाइपांतून येतो, आणि जोर पडल्यावरच येतो. उभ्या गाडीत कितीही रेस दिली तरी तसा दाब तयार होत नाही, म्हणून गॅरेजमध्ये तो ऐकू येत नाही. मेस्त्रींना गाडीत बसवून चढावर न्या. किंवा पाइपाची खालची बाजू पाहा: चिरेभोवती ऑइलचा ओलसर, धूळ चिकटलेला डाग असतो. पाइप दोन्हीकडून बंद करून बेताच्या दाबाची हवा भरून साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे जागा दाखवतात.

आपल्या रस्त्यांवर फियाटच्या १.३ लिटर मल्टिजेट डिझेलच्या कुळातली इंजिनं भरपूर आहेत. पूर्वी रांजणगाव आणि मानेसरला बनणारं हेच इंजिन वेगवेगळ्या नावांनी अनेक गाड्यांत बसलं. त्याच्या ७५ पीएस (हॉर्सपॉवर) आवृत्तीत साधा टर्बो आहे, ९० पीएसमध्ये व्हेरिएबल, म्हणजे आतल्या पात्यांचा कोन बदलणारा. व्हेरिएबल टर्बोला हलवणारी व्हॅक्यूमची बारीक नळी चिरली तर आवाज अगदी हलका येतो, पण गाडी एकदम मंद होते. मोठे पाइप बदलून झाले, पिकअप आला नाही, तर ही नळी बघायची राहिलेली असते.

आवाज सलग नसून आरपीएमच्या तालात ‘फुस-फुस’ असेल तर इंजेक्टरखालचा तांब्याचा वॉशर बघा. इंजेक्टरभोवती डांबरासारखा काळा थर जमलेला दिसतो आणि केबिनमध्ये धुराचा वास येतो. वॉशर स्वस्त आहे. पण खालची बैठक घासून साफ केली नाही तर नवा वॉशरही लवकरच गळू लागतो, आणि गळत ठेवलं तर बैठकच खराब होते. पेट्रोलमध्ये असाच तालातला आवाज सैल स्पार्क प्लगमुळे किंवा एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या पॅकिंगमुळे येतो.

पाणी, वाफ आणि झाकण

खंबाटकी घाट चढून वर थांबलात आणि पुढून ‘चर्रर्र’ किंवा ‘सीऽऽ’ आलं, तर तो कूलंटचा दाब आहे. रेडिएटरचं झाकण कुकरच्या शिट्टीसारखं काम करतं: ठरलेल्या दाबापर्यंत, बहुधा ०.९ ते १.१ बार, धरून ठेवतं आणि त्यापुढे सोडतं. त्या दाबाला साधं पाणीसुद्धा १२० अंशांच्या आसपास उकळतं. म्हणूनच गरम असताना झाकण उघडलं की आतलं सगळं एका क्षणात उकळून तोंडावर येतं. वरचा जाड पाइप हाताला गार आणि मऊ लागेपर्यंत थांबायचं, याला पर्याय नाही.

झाकणाचं रबर जुनं झालं की दाब टिकत नाही आणि आवाज येतो. नवं घेताना त्यावर छापलेला आकडा जुन्याशी जुळवा. पण झाकण बदलूनही पुन्हा तेच होत असेल तर दाब वाढतोय कशाने ते बघा: पंखा वेळेवर फिरतोय का, थर्मोस्टॅट (तापल्यावर कूलंटची वाट उघडणारी झडप) अडकलाय का, बोअरचं पाणी ओतून रेडिएटरच्या नळ्या क्षारांनी चोंदल्यात का. बाहेर कुठे थेंब नाही तरी कूलंट कमी होतंय, गाडी सुरू केल्यावर दोन मिनिटांत, इंजिन थंडच असताना, पाइप टणक होतोय आणि बाटलीत सतत बुडबुडे येताहेत, तर हेड गॅस्केट (इंजिनाच्या हेडखालचं पॅकिंग) तपासायला सांगा. तशी गाडी चालवत राहू नका.

टॅपेट कव्हरचं ऑइल एक्झॉस्टवर ठिबकलं तरी चरचर येते, सोबत जळक्या ऑइलचा वास. हे आग लागण्याच्या दृष्टीने वाईट, लगेच दुरुस्त करा. पावसात डबक्यातून गेल्यावर सायलेन्सरवर पाणी चरचरतं, ते सोडून द्या.

दुरुस्तीनंतर

बदललेला जुना पाइप, पॅकिंग किंवा ओ-रिंग मागून घ्या आणि कुठे चिरलंय ते स्वतः बघा. चीर सापडली नाही तर आवाज दुसरीकडूनच येत होता. मॅपचा किंवा ट्रिमचा आकडा दुरुस्तीआधी आणि नंतर फोनमध्ये टिपून ठेवा. कोड पुसून सोडायचं नाही. गाडी पूर्ण थंड होऊ द्या, दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या स्टार्टला नळी कानाला लावून पुन्हा ऐका, आणि आठवडाभराने तापलेल्या इंजिनावर त्याच क्लिपा बोटाने फिरवून पाहा. फिरली तर अजून सैल आहे, आणि मेस्त्रींकडे परत जायची वेळ तीच.